सेन्सरवरच फेज डिटेक्शन: सोय की भेसळ?

सावलीवाला: डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) विकून मिररलेस (बिनआरशाचा) घेतला, सहा महिने झाले. फोकसचा वेग मान्य. पण आरशाच्या जमान्यात फेज डिटेक्शनला, म्हणजे लेन्सच्या दोन बाजूंनी येणाऱ्या प्रकाशातला फरक बघून फोकस मोजायला, तळाशी वेगळं मॉड्यूल असायचं, सेन्सरने फक्त फोटो काढायचा. आता सेन्सरवरचेच काही पिक्सेल अर्धे झाकतात. काही डावीकडून येणारा प्रकाश बघतात, काही उजवीकडून, आणि त्या जागेचा रंग शेजाऱ्यांकडून उसना! परवा खिडकीसमोर उभ्या नवरीचा फोटो अंडर (काळोखा) आला. एडिटिंगमध्ये सावल्या चार स्टॉप उचलल्या (दर स्टॉपला उजेड दुप्पट), तर शालूवर बारीक आडवे पट्टे. मी तर याला भेसळच म्हणेन.

लेन्सवाला_नाना: चार स्टॉप उचलायची वेळ कुणी आणली? :) त्या मॉड्यूलचं एवढं कौतुक नको. त्याच्याकडे प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून वळून जायचा, सेन्सरकडे सरळ. दोन वाटांत केसाएवढा फरक पडला की डोळ्याऐवजी कान शार्प. ८५ एमएम लेन्ससाठी पट्टी तिरकी ठेवून, फाइन ट्यून (ही चूक भरून काढणारी सेटिंग) +७ की +८ करत अख्खा रविवार घालवलाय मी. फोटो उमटतो तिथेच मोजलं की हा तंटाच मिटतो.

घाटपायरी: पट्ट्यांचं सोडा हो. घाटाच्या पायऱ्यांवर फोकस धरला, तर लेन्स नुसती मागे-पुढे, मागे-पुढे. कॅमेरा उभा धरला आणि खट्कन लागला! डावं-उजवं बघणाऱ्या पिक्सेलना आडवी रेघ दोन्हीकडून सारखीच, फरक काढणार कशातून? जुन्या डीएसएलआरचा मधला क्रॉस पॉइंट (आडवं-उभं दोन्ही बघणारा) इथे कधी अडला नाही. ओएम सिस्टमच्या ओएम-१ कॅमेऱ्यात २०२२ साली आडवं-उभं दोन्ही बघणारे पिक्सेल आले, पण तो आपल्या बजेटबाहेर.

लेन्सवाला_नाना: पायऱ्यांचं खरंय. कॅमेरा जरा तिरका करून फोकस लॉक करायचा, मग सरळ.

रीळमास्तर: झाकायलाच हवं असंही नाही. कॅननने २०१३ च्या ७०डीमध्ये एकेका पिक्सेलचे दोन भाग केले. फोकससाठी वेगवेगळे वाचायचे, फोटोसाठी बेरीज. आणि कॉन्ट्रास्टवर (लेन्स मागे-पुढे करत चित्र सर्वात ठळक कुठे दिसतं ते शोधण्यावर) अडून बसलेल्या पॅनासॉनिकचं काय झालं? व्हिडिओत मागची भिंत थरथरायची. शेवटी २०२३ मध्ये एस५ मार्क २ ला फेज द्यावंच लागलं.

सावलीवाला: ७०डी मीही वापरलाय, तिथे तक्रार नव्हती. तेव्हा माझं भांडण झाकलेल्या पिक्सेलशी, फेजशी नाही, एवढं कबूल. शालूवरचे पट्टे रॉथेरपी या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या पीडीएएफ (फेज डिटेक्शन ऑटोफोकस) फिल्टरने बरेचसे गेले. तरी भेसळ हा शब्द मागे घेत नाही. आणि नाना, फ्लॅश गाडीत राहिला होता.