मार्शल लॉमधला मार्शल कोणता?

नातीला शाळेसाठी सोलापूरच्या मार्शल लॉवर तक्ता करायचा होता. मथळ्यात इंग्रजी 'मार्शल' लिहिताना तिनं शेवटी एस-एच-ए-एल घातलं. मला बरोबर वाटलं, मी वरून केशरी रंगही भरून दिला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर लाल गोल काढला. विधानसभेत आमदारांना उचलून बाहेर नेतात ते मार्शल आणि हा मार्शल वेगळा आहे का हो?

– वेगळाच. कानाला एक, कुळं दोन. तुमचा संपतो टी-आय-ए-एलनं, 'पार्शल'सारखा. रोमन युद्धदेव मार्स, त्याच्यावरून आलेलं हे विशेषण: लढाईचा, लष्करी. मार्शल आर्टमधला तोच. मार्स म्हणजे आपला मंगळ, आणि आपल्या ज्योतिषातही मंगळ सेनापतीच! स्पेलिंग अडलं की मंगळ आठवा.

एस-एचवाला नाम आहे. जुन्या जर्मानिक बोलीतले 'घोडा' आणि 'चाकर' हे शब्द जुळून तो झाला, म्हणजे मूळचा मोतद्दार. तबेल्यातून दरबारात, दरबारातून सैन्यात असा चढत गेला. माणेकशा १९७३ साली फील्ड मार्शल झाले ते या घोडेवाल्या शब्दानं. तो क्रियापद म्हणूनही चालतो. वकील पुरावे ओळीनं मांडतो, तेव्हा तो ते 'मार्शल' करत असतो. आडनावात बहुधा दोन एल.

– कोर्ट मार्शलला अधिकारी बसतात, म्हणून मी तिथंही एस-एचच लिहीत आलोय. तीस वर्षं!

– तिथं मंगळच. विशेषण नामामागे गेलंय, ही फ्रेंच खोड. म्हणून अनेकवचनाचा एस 'कोर्ट'ला लावतात.

– मराठीत 'लष्करी कायदा' लिहावं का?

– पुस्तकात लिहा. पण सोलापुरात तसं म्हटलं तर समोरचा क्षणभर थांबतो. मे १९३० मध्ये इथं तो लागला, गांधी टोपी घालणंही गुन्हा ठरलं. त्या प्रकरणात चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्यांपाशी रिक्षा थांबवायला आपण 'चार पुतळा' म्हणतो, तसंच हे 'मार्शल लॉ'. हा शब्द इथं मराठीच झालाय.

– आभार. ब्लेडनं एस-एच खरवडलं, तर कागदच फाटला. आता वर चिकटपट्टी लावून टी-आय लिहिलंय. केशरी जरा गडद झालाय.