जुनी बिल्ड फाइल, नवं टूल: तुमचे अनुभव लिहा

२०२५मध्ये सीमेक (कोडपासून सॉफ्टवेअर बांधायची, म्हणजे बिल्डची, तयारी करणारं टूल) ४.० आलं आणि ३.५च्या आधीची वागणूक सांभाळणं त्याने सोडून दिलं. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले प्रोजेक्ट पहिल्याच, किमान आवृत्तीच्या ओळीवर अडले. कालबाह्य सोयी किती काळ वागवायच्या? टूल वापरणाऱ्यांनी लिहा, टूल लिहिणाऱ्यांनीही लिहा. नुसतं 'अपग्रेड करा' एवढं सांगायला मात्र येऊ नका.

•

आमच्याकडे अडलं ते आमचं नव्हतंच. ओढून घेतलेल्या एका लायब्ररीत किमान आवृत्ती २.८ लिहिलेली, आणि तिला आता वाली कुणी नाही. पॉलिसीची (कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं त्या नियमांची) किमान आवृत्ती कमांडमधूनच ३.५ दिली की गाडं पुढे सरकतं. स्वतःच्या फाइलमध्ये मात्र मी '३.५...३.३१' असा पल्ला लिहिते. ही खुबी मला फार आवडते. पल्ला कळतो ३.१२पासून; त्याआधीचं सीमेक ती टिंबं आवृत्तीतलीच समजतं आणि पुढचा भाग सोडून देतं. नवं लिहिलं, जुनं मोडलं नाही.

•

ऑटोकॉन्फ हे बिल्डआधीची 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट बनवणारं जुनं टूल; ते वापरणाऱ्यांना यात नवल नाही. १९९९चं २.१३ आणि २००१चं २.५० यांचं इतकं फाटलं की कित्येकजण जुन्यालाच चिकटून राहिले, मोझिला तर कितीतरी वर्षं. पुढे २.७० आपणहून कालबाह्य मॅक्रोंच्या (तयार आज्ञांच्या) सूचना दाखवू लागलं आणि आमचा लॉग भरून वाहिला. त्याच्यासोबतच्या ऑटोअपडेट टूलने बरीचशी नावं बदलून दिली. तरी डिफ (काय बदललं ते) ओळन् ओळ वाचा.

•

मेक या बिल्ड टूलमधला टॅब! कमांडची ओळ त्यानेच सुरू करावी लागते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७०च्या दशकात तो ठेवला. खटकू लागला तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते, त्यांचं मोडायला नको म्हणून राहू दिला. आपण अजून भोगतोय.

•

ग्रेडल ७ने (हेही बिल्ड टूल) डिपेंडन्सी, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी, लिहायचं 'कंपाइल' हे नाव काढलं तेव्हा टीममधल्या एकाने सगळीकडे 'इम्प्लिमेंटेशन' लिहून टाकलं. आमचं मॉड्यूल बिल्ड झालं, आमच्यावर अवलंबून असलेली मॉड्यूल्स पडली. जुन्या 'कंपाइल'मधली डिपेंडन्सी पुढच्यांनाही दिसायची, 'इम्प्लिमेंटेशन'मधली त्यांच्या कंपाइलला दिसत नाही. तिथे 'एपीआय' हवं. नाव बदलणं आणि अर्थ बदलणं एकाच रिलीजमध्ये का करतात लोक?

•

वरच्या प्रश्नाला टूलवाल्याकडून: ग्रेडलमध्ये तरी दोन्ही नावं बरीच वर्षं सोबत चालली, सूचनाही येत होत्या. सूचना वाचतं कोण? आमच्या कंपनीतल्या टूलमध्ये मी आता फाइल, ओळ क्रमांक आणि तिथे टाकायची तयार ओळ छापतो, दर बिल्डला एकदाच. त्यानंतर लोक बदलायला लागले. जुनं नाव ठेवणं स्वस्त असतं हो. जुनं आणि नवं एकाच फाइलमध्ये आलं तर कुणाचं ऐकायचं, यावरच आमच्या निम्म्या टेस्ट खर्ची पडतात. सध्या आम्ही अशी फाइल सरळ नाकारतो. कुणी दुसरा मार्ग काढलाय का?