मदत हवी आहे : फोटोतली गोगलगाय आफ्रिकी शंखीच आहे का? (दिंडोरी, नाशिक)

टोमॅटोची रोपवाटिका आहे. पहिल्या पावसानंतर ठिबकच्या नळ्यांखाली शंखाच्या गोगलगायी निघाल्यात, रात्रीतून रोपांचे शेंडे खातात. सगळ्यात मोठा शंख साडेसहा सेंमी, तपकिरी, त्यावर उभे फिकट पट्टे. तीन फोटो जोडलेत. फोटोवरून जात ओळखणाऱ्या अ‍ॅपने एकीला आफ्रिकी म्हटलं, दुसरीला भलतंच नाव दिलं. तिसरीच्या तोंडावर पांढरं झाकण आहे, म्हणजे ती वेगळी जात का? औषध टाकण्याआधी खात्री हवी.

उत्तर १
दादा, तिन्ही फोटो पाठीवरून काढलेत, तिथेच अ‍ॅप गडबडतं. पट्टे आणि रंग उन्हापावसाने उडतात, त्यावर जाऊ नका. शंख उलटा करून तोंडाच्या आत बघा. मधोमध पांढरट दांडा दिसेल. आफ्रिकी शंखीत तो खालच्या टोकाला मोडल्यासारखा अचानक संपतो आणि ओठाच्या कडेपाशी खाच राहते. ही खूण पिल्लांतही दिसते. आपल्याकडच्या बऱ्याच गोगलगायींचा शंख चपटा, चकतीसारखा असतो. हिचा उंच, टोकदार, पूर्ण वाढीला ७ ते ९ वेढ्यांचा.

फोटो असा काढा : हातमोजे घालून शंख पुसून कोरडा करा, ओल्या शंखावर फ्लॅश चमकतो. खाली पांढरा कागद नको, त्याच्या उजेडाने मोबाइल शंख काळा दाखवतो. साधा पुठ्ठा चालेल. मोबाइल अगदी जवळ नेला की पुढचा भाग फुगून दिसतो, म्हणून फूटभर अंतरावरून दुप्पट झूम करा. शेजारी दहाचं नाणं ठेवा, ते २७ मिमीचं असतं. एक फोटो तोंडाचा, एक बाजूचा, एक टोकाकडून.

उत्तर २
तिसरीवरचं ते झाकण नसावं. कोरड पडली की शंखी तोंडावर पांढरा पापुद्रा धरते आणि आत पडून राहते. नखाने टोचला तर कागदासारखा फाटतो. खरं झाकण कडक असतं, पायाला चिकटलेलं असतं आणि गोगलगाय बाहेर आली की तिच्यासोबत बाहेर येतं. भातखाचरातल्या गोगलगायीत ते बघायला मिळतं.

प्रश्नकर्ता
उलटून पाहिलं. तिघींचा दांडा मोडल्यासारखा, पापुद्राही फाटला. ट्रेखालच्या मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी सापडलीत.

उत्तर १
मग आफ्रिकी शंखीच. भारतात ती १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली, तिथून पसरली. एका वेळी शंभरावर अंडी घालते, त्यामुळे आधी अंडी गोळा करा. १० लिटर पाण्यात १ किलो गूळ कालवून गोणपाट भिजवा, संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला टाका आणि उजाडायच्या आत खाली जमलेल्या वेचा. मिठाच्या दाट पाण्यात बुडवून मारा, मग खोल पुरा. उघड्या हाताने धरू नका. हिच्यातला एक जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. मेटाल्डिहाइडच्या (गोगलगायी मारायच्या औषधाच्या) गोळ्या वापरल्याच तर कुत्री बांधून ठेवा, त्यांना ते विषारी आहे. नवीन रोपं आणताना पिशवीतली माती आणि ट्रेचा तळ तपासा, बहुतेकदा ती तिथूनच शिरते.