दूध बदललं, कोको तोच! बिनदुधाचं हॉट चॉकलेट कितपत 'नैतिक'?

अर्धाकप
परवा घरीच ओट्सचं दूध काढून हॉट चॉकलेट केलं. उकळी येईपर्यंत ठेवलं आणि कपात चक्क खळ तयार झाली, पोस्टर चिकटवायची. चमचा वर उचलला की तार येत होती. ओट्समधला स्टार्च तापला की फुगतो, हे नंतर डोक्यात आलं. विकतच्या ओट मिल्कमध्ये तो एन्झाइमने आधीच फोडलेला असतो, म्हणून ते तापवलं तरी सहसा पातळ राहतं आणि साखर न घालताही गोडसर लागतं.

पण धागा खळीसाठी काढलेला नाही. बिनदुधाच्या पाककृती हल्ली बऱ्याच वाचतेय. दूध कुठलं, यावर चार परिच्छेद. गाय, हवामान, सगळं येतं. आणि मग साहित्यात नुसतं 'कोको पावडर २ चमचे'. बास?

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. शिकागो विद्यापीठातल्या एका संशोधन संस्थेने २०२० साली अहवाल दिला. त्यात २०१८-१९च्या हंगामात या दोन देशांत सुमारे १५.६ लाख मुलं कोकोच्या कामात बालमजुरी करत होती, असा अंदाज आहे. कोयत्याने शेंगा फोडणं, जड पोती वाहणं, फवारणीच्या औषधांजवळ वावरणं असली कामं. चॉकलेट कंपन्यांनी हे थांबवायचा करार २००१ मध्येच केला होता. मुदत २००५ची होती, ती पुढे पुढे सरकत गेली.

म्हणून माझं म्हणणं: या कपात दूध बदलणं हा सोपा भाग आहे. खरा प्रश्न त्या दोन चमचांचा आहे. प्रमाणित कोको (शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून असलेल्या 'फेअरट्रेड'सारख्या शिक्क्याचा) मिळत नसेल तर निदान 'नैतिक' हा शब्द तरी वापरू नका.

तिरकस
म्हणजे डब्यावर शिक्का असला की झालं? मग हे वाचा. फेअरट्रेडच्या कोकोला 'मास बॅलन्स' चालतं. कारखान्यात प्रमाणित आणि साधा कोको एकत्र दळला तरी चालतो. जेवढा प्रमाणित माल विकत घेतला तेवढ्याच मालावर शिक्का मारायचा, हिशेब जुळला की काम झालं. तुमच्या डब्यातली पावडर त्या शेतातली असेलच असं नाही. शिक्क्याचे जास्तीचे पैसे देऊन आपण स्वतःची समजूत घालतो, दुसरं काही नाही.

अर्धाकप
@तिरकस, मास बॅलन्स मला माहीत आहे. मनीऑर्डर केली तर आपण दिलेलीच नोट समोरच्याच्या हातात पडते का? पैसे पोचले म्हणजे झालं. पावडर कुठल्या शेतातली हे मला नकोय, जास्तीचे पैसे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेपर्यंत गेले की नाही एवढंच हवंय.

तिरकस
मनीऑर्डरीची पोच मिळते हो. तुम्हाला मिळाली का कधी?

आणि मूळ दुखणं भावाचं आहे. मजूर लावायला पैसे नसतात म्हणून घरची पोरं शेतात जातात. २०२४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. त्या दोन देशांत शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकार ठरवून देतं, त्यामुळे तेजीतला मोठा वाटा त्याच्या हाती लागलाच नाही. आता त्यावर तुमचा शिक्का काय करणार?

गोठ्यातली
'दूध बदलणं हा सोपा भाग' हे वाक्य टोचलं. मी गाईगुरांत वाढले. वासराला बाजूला ओढून बांधताना गाय कशी हंबरते ते ज्याने ऐकलंय तो याला सोपा भाग म्हणणार नाही. लहान असताना दावं माझ्याच हातात असायचं. मुलांचे हाल मोठे की जनावरांचे, अशी तराजू मला लावायची नाही. एका कपात दोन प्रश्न असू शकतात.

आकडेच हवे असतील तर २०१८चा एक मोठा जागतिक अभ्यास आहे. लिटरभर गाईच्या दुधामागे सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, ओट्सच्या दुधामागे एक किलोच्या आत.

कढई
आणि बदामाचं दूध? ते पाणी किती पितं ते कोणी सांगत नाही. जगातले बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात होतात, जिथे दुष्काळ पाचवीला पुजलेला.

गोठ्यातली
@कढई, सांगते की. त्याच अभ्यासात लिटरमागे बदामाचं दूध ३७१ लिटर पाणी, गाईचं ६२८, ओट्सचं ४८. तरी तुमचा मुद्दा मान्य. जिथे पाणीच नाही तिथून काढलेले ३७१ लिटर जड पडतात.

कढई
ठीक. आता जरा चुलीपाशी या, कारण इथे निम्म्या लोकांचं सोयाचं दूध फाटत असणार. साधी कोको पावडर आंबट असते, तापलेल्या सोया दुधात पडली की कधीकधी चोथापाणी होतं. डच पद्धतीची पावडर घ्या. तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे आंबटपणा मरतो आणि रंगही गडद येतो. आधी कोको, साखर आणि चिमूटभर मीठ दोन चमचे उकळत्या पाण्यात घोटून घ्या, पेस्टवर चकाकी आली पाहिजे. मग गरम दूध थोडं थोडं करत ओता. सगळं एकदम ओतलंत तर गुठळ्या होणारच, मग मला विचारू नका.

खरं तर दूध हवंच कशाला? मध्य अमेरिकेत कोको शेकडो वर्षं पाण्यातच घोटून पीत होते, मिरची घालून. दूध युरोपात गेल्यावर आलं. चांगला कोको असेल तर पाण्यात त्याची चव लपत नाही. वाईट असेल तरीही लपत नाही.

जुनीवही
@तिरकस यांच्या 'शिक्का काय करणार' वर एक जुनी गोष्ट. साओ टोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवर जवळपास गुलामीच्या मजुरीवर कोको पिकायचा. हे कळल्यावरही कॅडबरीने काही वर्षं तिथली खरेदी चालू ठेवली. एका वर्तमानपत्राने त्यावर झोड उठवली, कॅडबरीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०९ मध्ये कॅडबरी जिंकली आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा पाव हिस्सा! त्याच वर्षी कंपनीने त्या बेटांवरची खरेदी थांबवली. म्हणजे गिऱ्हाईक आणि वर्तमानपत्रं ओरडली की काहीतरी हलतं.

तिरकस
@जुनीवही, गोष्ट अर्धीच सांगितलीत. खरेदी तिथून उचलून नेली कुठे? गोल्ड कोस्टला. म्हणजे आजच्या घानात.

जुनीवही
हो. तिथे लहान शेतकरी स्वतःच्या जमिनीत पिकवत होते, म्हणून. शंभर वर्षांनी काय झालं ते अर्धाकपने वर लिहिलंच आहे. पण म्हणून तेव्हा बेटांवरून हलायला नको होतं का?

अर्धाकप
@तिरकस, पोच मागितली होती ना? मी वापरते त्या पावडरीच्या कंपनीला तीन ओळींचं पत्र टाकलं: कुठल्या सहकारी संस्थेकडून घेता, टनामागे जास्तीचे किती देता? उत्तर आलं, 'पुरवठादारांची माहिती गोपनीय आहे.' पुढचा डबा ज्याच्यावर संस्थेचं नाव छापलंय असा आणणार. महाग पडला तर आठवड्याला एकच कप.

आणि @कढई, ओट्सचं काय करू? सोया मला आवडत नाही.

कढई
भिजवू नका. थंडगार पाणी, मिक्सरला अर्धं मिनिट, त्याहून जास्त नाही. गाळताना पिळायचं नाही, पिळलं की सगळा स्टार्च खाली उतरतो. आणि उकळी येऊ देऊ नका, वाफ दिसली की उतरवा. तरीही थोडं दाट होईलच.

तिरकस
पाण्यातलं करून पाहिलं. मीठ जास्त पडलं, बाकी बरं होतं. शिक्क्याबद्दलचं मत तेच.