खाली बसवलेली छोटी पिकअप, कमी पैशात सस्पेन्शन सुधारायचंय, सुरुवात कुठून करू?

हौदारिकामा:

नमस्कार मंडळी, सहा महिन्यांपूर्वी जुनी छोटी पिकअप घेतलीय, पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मागे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग). आधीच्या मालकानेच ती खाली बसवून घेतली होती, पुढे टॉर्शन बारचे बोल्ट सैल करून अंदाजे ५० मिमी आणि मागे एक्सल आणि पाट्याच्या मध्ये ७५ मिमीचे ब्लॉक (ठोकळे) टाकून. दिसते इतकी छान की लावून निघालो तरी दोनदा वळून बघतो, त्यामुळे परत मूळ उंचीवर नेणं नकोय हे आधीच सांगून ठेवतो.

त्रास असा की मागून दणके फार बसतात. गतिरोधकावरून सावकाश गेलं तरी हौद्याखाली हातोडा मारल्यासारखा आवाज येतो आणि पाठीत कळ जाते. पुढचं उलट आहे, दणका कमी पण रस्ता जरा लाटेसारखा असला की नाक दोन-तीनदा डुलत राहतं. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजलेत, बाहेरून बघितले तर नवे वाटतात. आणि एक गोष्ट जिने मी खरंच घाबरलो, मागच्या आठवड्यात ओल्या रस्त्यावर हौदा रिकामा असताना जोरात ब्रेक मारला तर मागची बाजू सरळ सरकली, समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

माल फार नसतो, आठवड्यातून दोनदा अवजारांच्या पेट्या, दीडशे किलो धरा. पैसे मोजकेच साठवलेत, चार चांगले शॉकअप घेतले की संपले. मित्र म्हणतोय मिळतील तेवढे कडक शॉकअप टाक, विषय संपला. घेऊ का?

ग्रीसगन:

थांबा, आत्ता काहीच विकत घेऊ नका. हातोड्यासारखा आवाज म्हणजे शॉकअप मऊ झाल्याचा आवाज नाही, बहुतेक चाकाला वर यायची जागा संपलीय. गाडी ७५ मिमी खाली आली म्हणजे तेवढी जागा गेली. एक्सल आणि चासीवरचा रबरी बंपस्टॉप यांच्यात मुळात समजा ९५ मिमी होते तर आता २० उरले. मग खड्डा आला की पाटा आपलं काम करायच्या आधीच एक्सल रबरावर आपटतो आणि तिथून पुढे तुमची स्प्रिंग म्हणजे ते रबर आणि टायर, बस.

कडक स्प्रिंग टाकूनही हे सुटणं अवघड. स्प्रिंग जेवढी ऊर्जा झेलते ती दबण्याच्या अंतराच्या वर्गावर जाते, म्हणजे जागा निम्मी झाली तर तोच दणका झेलायला स्प्रिंग चौपट कडक लागेल, आणि चौपट कडक पाट्यांची गाडी रोज कोणी चालवणार नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, खाली बसवलेल्या गाडीत पहिला पैसा जागा परत मिळवण्यात घालायचा आणि शॉकअप त्यानंतर.

आधी मापं घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करून मागे दोन्ही बाजूंना एक्सल ते बंपस्टॉप अंतर मोजा, शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत लांबी मोजा, आणि शॉकअपवरचा नंबर बघून तो पूर्ण दबल्यावर किती लांबीचा होतो ते शोधा. शॉकअपचा दांडा उघडा असेल तर त्याला केबल टाय बांधून खाली शॉकअपच्याच बॉडीला टेकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या, टाय किती वर सरकला ते दिसेल. दांड्यावर पत्र्याचं आवरण असेल तर बंपस्टॉपला खालून मुलांची खेळायची क्ले चिकटवा, चेपली की कळतं. आणि पाटे एक्सलच्या खालून गेलेत की वरून ते नक्की सांगा.

वळणवेडा:

भावा माझा अनुभव वेगळा आहे, माझी पण अशीच खाली होती, मी चारही कडक मोनोट्यूब (एका नळीचे) शॉकअप टाकले आणि वळणावर गाडी एकदम बांधल्यासारखी झाली, डुलणं पहिल्या दिवशीच बंद. सगळं मापं घेत बसण्यापेक्षा एकदा टाकून बघ, फरक आपोआप कळेल.

ग्रीसगन:

वळणवेडा, तुमचं पुढच्या बाजूबद्दल बरोबर आहे. नाक दोन-तीनदा डुलतं म्हणजे शॉकअप स्प्रिंगला परत येताना आवरत नाहीये, तिथे नवे शॉकअप लागणारच. पण मागे एक्सल रबरावर आपटत असेल तर कडक शॉकअप त्या आपटण्याचा वेग जरासा कमी करेल आणि बाकी प्रत्येक बारीक खड्डा हौद्यात पोचवेल. शिवाय मूळ उंचीसाठी बनवलेला लांब शॉकअप खाली बसवलेल्या गाडीत आतून तळाला लागतो, पिस्टन आपटून आपटून आतला व्हॉल्व्ह जातो आणि मग नवा शॉकअपही लवकर तेल गाळायला लागतो. त्यात पैसे दोनदा जातात.

दोनपान्हे:

दणके राहू देत, मला त्या ब्रेकचं वाचून जास्त काळजी वाटली. तुमच्या गाडीत मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडा किंवा स्प्रिंग जाते का बघा, वर एका छोट्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. बऱ्याच पिकअपना हा लोड व्हॉल्व्ह असतो. हौद्यात माल भरला की चासी खाली येते, एक्सल आणि चासी जवळ येतात, दांडा व्हॉल्व्हला सांगतो की वजन आलंय आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. आता ब्लॉक टाकून तुम्ही एक्सल आणि चासी ७५ मिमीने कायमचीच जवळ आणलीत. व्हॉल्व्हला वाटतंय गाडी भरलेली आहे, प्रत्यक्षात हौदा रिकामा, मागच्या चाकांवर वजनच नाही, मग ओल्यावर चाकं लॉक होऊन घसरणारच.

माझ्या गाडीला हेच झालं होतं. एका गॅरेजने मागचे लायनर दोनदा बदलून दिले, ड्रम घासून दिले, वर वाकून कोणी बघितलंच नाही. शेवटी मीच गाडीखाली झोपून बघितलं तर दांडा पूर्ण वर ताणलेला. एक्सलवरचं ब्रॅकेट ब्लॉकच्या उंचीइतकं सरकवून घेतलं आणि मग गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला दांडा लावून घेतला. तो दांडा अंदाजाने वाकवू नका आणि व्हॉल्व्ह काढून थेट पाइप तर अजिबात जोडू नका. एक्सल वर आल्यावर मागचा ब्रेक होज ढिला पडून कुठे घासतोय का आणि हँडब्रेकची केबल लोंबतेय का तेही त्याच वेळी बघा. हे काम शॉकअपच्या आधी करा, प्लीज.

पाटेवाला:

दोनपान्हे ताईंनी लाखमोलाचं सांगितलं, हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.

मी पाट्यांचं बोलतो. पाटा एक्सलच्या खालून गेला असेल तरच मध्ये ब्लॉक टाकून गाडी खाली येते, पाटा वरून असेल तर ब्लॉकने उलट उंच होईल, त्यामुळे ७५ ने खाली आलीय म्हणजे तुमचे पाटे खालूनच असणार. आता बघा ब्लॉक एकच आहे की दोन एकावर एक रचलेत. रचलेले असतील तर ते आधी काढा, असले ब्लॉक सरकले तर एक्सलच जागेवरून हलतो. सेंटर बोल्टचं (पाट्याची पानं मधोमध धरणारा) डोकं ब्लॉकच्या भोकात नीट बसलंय का बघा. आणि ब्लॉक काढून बदलणार असाल तर यू बोल्ट (एक्सल आणि पाटा एकत्र आवळणारे) नवेच घ्या, जुना यू बोल्ट एकदा ताणला गेला की परत तेवढी पकड देत नाही. टॉर्क पान्ह्याने आवळा, दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल भोकातला) रबरी बुश पण बघून घ्या, तो गेला असेल तर ब्रेक मारताना एक्सल तिरका होतो आणि गाडी ओढते, आणि बुश म्हणजे या सगळ्यात अगदी स्वस्त वस्तू. रबरी बुश टाकताना बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, हवेत लटकवून आवळला तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

कोणी पाट्यातलं एक पान काढ असं सांगेल, ऐकू नका. पान काढलं की पाटा मऊ होतो, आधीच जागा कमी त्यात तो अजून दबतो, आणि जोरात निघताना एक्सल पिळतो तो वेगळाच.

हौदारिकामा:

खूप खूप आभार, विशेषतः ताईंचे, मी त्या दांड्याकडे इतके दिवस बघतच नव्हतो. आज दुपारभर गाडीखाली होतो. पाटे एक्सलच्या खालूनच आहेत, ब्लॉक एकच आहे ७५ चा. बंपस्टॉपचं अंतर डावीकडे २०, उजवीकडे १८ मिमी. मागचा शॉकअप उभ्या गाडीत ३४५ मिमी, आणि नंबरवरून बघितलं तर पूर्ण दबल्यावर ३०० चा. शॉकअप तिरका आहे त्यामुळे एक्सल ५० मिमी वर आला तर तो ४३-४४ मिमी दबतो. म्हणजे रबर ३० मिमी चेपलं की शॉकअपमध्ये जेमतेम १-२ मिमी उरतात. केबल टाय तर पार वरच्या टोकाला जाऊन बसला होता. ब्रेकचा दांडा ताई म्हणाल्या तसाच वर ताणलेला आहे. उजव्या पाट्याच्या पुढच्या बुशला भेगा आहेत. टायर २०५/४५ आर १६ आहेत.

मग आता पैसे कुठे घालू? उंची वाढवायला मन होत नाहीये पण २५ मिमी दिलेच तर काय मिळेल?

ग्रीसगन:

२५ मिमीने २० चं अंतर ४५ होतं, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि बघणाऱ्याला गाडी तेवढीच खाली दिसेल. ५० चा ब्लॉक घ्या, नवे यू बोल्ट, दोन्ही बाजूंचे पुढचे बुश, आणि मूळ कडक रबराच्या जागी फोमसारख्या मऊ पॉलियुरेथेनचे बुटके बंपस्टॉप. ते हळूहळू कडक होत जातात, त्यामुळे एक्सल टेकला तरी हातोडा बसत नाही. इतकं करून बजेटचा मोठा भाग शिल्लकच असेल. मग मागे शॉकअप घेताना साधे ट्विनट्यूबच (दोन नळ्यांचे) घ्या पण पूर्ण दबल्यावर २८० किंवा त्याहून कमी होणारे, आणि चाक लटकलेलं असताना पूर्ण ताणले जाणार नाहीत इतके लांब, त्यासाठी चासी जॅकवर उचलून एक्सल लटकवा आणि तेही माप घ्या. हातात आल्यावर लावायच्या आधी दाबून स्वतः मोजा.

चासी कापून एक्सलसाठी खाच करतात, त्याने जागा भरपूर मिळते. पण ते चासीचं वेल्डिंग आहे, कमी पैशात उरकण्यासारखं काम नाही. आत्ता नको.

पुढे टॉर्शन बारचा बोल्ट आवळून १५ मिमी वर घ्या, नवे शॉकअप टाका, वरच्या-खालच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट हलवून बघा. बोल्टने बार कडक होत नाही हे लक्षात ठेवा, फक्त उंची बदलते. कडकपणा जाडीवर असतो आणि तो चौथ्या घातात जातो, २४ चा बार काढून २६ चा टाकला तर सुमारे ३८ टक्के कडक. ती पुढच्या वर्षीची गोष्ट, पैसे जमले आणि नाक अजून खाली आपटत असेल तर.

पाटेवाला:

टायरचं राहिलंच की. तुमचा २०५/४५ आर १६ म्हणजे टायरची भिंत ९२ मिमी. १९५/५५ आर १५ घेतला तर भिंत १०७ होते आणि टायरची एकूण उंची फक्त ५ मिमीच्या आसपास वाढते, म्हणजे गाडीची उंची तशीच आणि खड्ड्याला १५ मिमी रबर जास्त. तसेही पुढचे दोन टायर जाणारच आहेत. जुने रिम कुठे मिळाले तर बघा, मात्र १५ चा रिम ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना ते आधी तपासा आणि टायरवरचा भार आकडा बघा, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, गाडीच्या पाटीवर मागच्या एक्सलचं कमाल वजन दिलेलं असतं त्याच्याशी जुळवा. माझ्या मते तुमच्या पाठीला सगळ्यात जास्त आराम इथूनच मिळेल.

हौदारिकामा:

ठरलं. रविवारी आधी ब्लॉक, यू बोल्ट, बुश आणि बंपस्टॉप, त्याच दिवशी ब्रेकचा दांडा मापाला. शॉकअप महिन्याभराने. टॉर्शन बारचा बोल्ट गाडी जमिनीवर असताना फिरवू की जॅकवर? आणि अलाइनमेंट कधी करू, टायर झिजतायत म्हणून घाई वाटतेय.

दोनपान्हे:

जॅकवर, चासीखाली स्टँड देऊन, चाक लटकत असताना. गाडीचं वजन असताना फिरवलं तर बोल्टचे आटे जातात. बारमध्ये तरीही ताण असतो, बोल्ट पूर्ण काढायचा विचार करू नका, फक्त आवळायचाय. दोन्ही बाजूंना सारखे फेरे द्या, मग खाली घेऊन पाच-सहा मीटर मागेपुढे करा, नाक दोनदा दाबून सोडा आणि मगच उंची मोजा, नाहीतर चुकीचं माप मिळतं. अलाइनमेंट उंचीचं काम पूर्ण झाल्यावर आठवड्याभराने, आणि त्यांना टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) आधी बघायला सांगा, आतली कड कॅम्बरने (चाक वरून आत कललं की) झिजते पण टो चुकला असेल तर टायर त्याहून लवकर जातो. ब्लॉक ५० चा झाला की लोड व्हॉल्व्हचं माप ५० ला लावा, ७५ ला नाही. आणि ओल्यावर पहिला ब्रेक मोकळ्या जागेत, कमी वेगात मारून बघा.

हौदारिकामा:

५० लिहून ठेवलं ताई. रविवारी संध्याकाळी इथेच नवी मापं टाकतो.