मदत हवी आहे: डक्टेबल एसीच्या रिटर्नला कोणता फिल्टर घालावा? (इंदूर)

घर राजेंद्र नगरात आहे, मशीन ३ टनांचं, डक्टमधून (छतातल्या हवेच्या नळांतून) सगळ्या खोल्यांना हवा देणारं. पॅसेजच्या छतात रिटर्नची, म्हणजे घरातली हवा परत मशीनमध्ये ओढली जाते तिथली जाळी आहे आणि तिच्यामागे २० × २० × १ इंचाचा धुवायचा नायलॉन फिल्टर. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात काळ्या मातीची धूळ इतकी येते की आठवड्यात फिल्टर करडा पडतो, तरी पलंगावर थर बसतोच. मुलाला धुळीची ॲलर्जी आहे. सियागंजातल्या एका दुकानदाराने हेपा (अतिबारीक कण धरणारा फिल्टर) सांगितला, दुसऱ्याने मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टरची श्रेणी, आकडा मोठा तितकं गाळणं बारीक). काय घेऊ? शिवाय २० चा म्हणून घेतलेला फिल्टर टेपने मोजला तर साडेएकोणीसच भरतो. माप चुकलंय का?

प्रतिसाद १

माप बरोबर आहे. फ्रेमवर छापलेला आकडा नावापुरता असतो, खरा फिल्टर साधारण अर्धा इंच लहान ठेवतात, म्हणजे खाचेत सहज सरकतो. ऑर्डर देताना मात्र दोन्ही मापं सांगा.

हेपा घालू नका. घरगुती ब्लोअरला (मशीनच्या पंख्याला) त्यातून हवा ओढवत नाही. हवा कमी झाली की आतल्या थंड कॉइलला उष्णता मिळत नाही, त्यावर बर्फ धरतो, बर्फामुळे हवा आणखी अडते. मग एसीतला गॅस द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परततो आणि कॉम्प्रेसर खराब होतो.

खरा प्रश्न क्षेत्रफळाचा आहे. टनामागे ४०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) धरा, ३ टनांना १२०० झाले. २० × २० म्हणजे २.७८ चौरस फूट, त्यातून हवा मिनिटाला ४३० फुटांच्या वेगाने जाते. बारीक फिल्टरला हा वेग फार झाला, तो ३०० च्या आसपास असायला हवा. त्यासाठी ४ चौरस फूट लागतात, म्हणजे २४ × २४. जाळी वाढवता आली तर २ इंच जाडीचा, घड्यांचा मर्व्ह १३ घ्या. घड्या खोल असल्या की कापड जास्त मावतं आणि हवेला अडथळा कमी होतो. वाढवता येत नसेल तर मर्व्ह ८ वर थांबा.

मर्व्ह ८ हा ३ ते १० मायक्रॉनची निदान ७० टक्के धूळ धरतो. मातीला तेवढा पुरतो, धुराच्या कणांना नाही. मर्व्ह १३ हा ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के कण अडवतो. घेण्याआधी मशीनच्या कॅटलॉगातलं स्टॅटिक प्रेशर (ब्लोअर किती अडथळा पेलतो) आणि फिल्टरचा प्रेशर ड्रॉप (फिल्टर किती अडथळा करतो) मिस्त्रीकडून ताडून घ्या.

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात एक जोडतो. पलंगावर धूळ बसते त्याला फिल्टरच्या कडेची फटही कारण असू शकते. फिल्टर काढून खाचेच्या कडा बघा. मागच्या पत्र्यावर काळपट ओघळ दिसले तर हवा बाजूने पळतेय. चारही कडांना फोमची पट्टी लावा. ती न लावता महागडा फिल्टर घालणं म्हणजे पैसे वाया.

घड्यांचा फिल्टर धुऊ नका. बऱ्याच फिल्टरांच्या कापडावरचा स्थिरविद्युत भार पाण्याने जातो. दिसायला स्वच्छ, पण कण धरत नाही.

धागाकर्ता

मोजलं. मागे जागा आहे, २४ × २४ चा बॉक्स बसेल, खोली अडीच इंच. नायलॉनची जाळी काढून टाकू का? आणि मुलाच्या खोलीसाठी वेगळं काही?

प्रतिसाद १

अडीच इंचात २ इंची फिल्टर मावतो. नायलॉन त्याच्या पुढे, खोलीकडच्या बाजूला राहू द्या, म्हणजे मातीचा जाड भाग तिथेच अडेल. उन्हाळ्यात आठवड्याला धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. फिल्टरवरचा बाण ब्लोअरकडे. दर महिन्याला काढून बघा आणि सक्शनच्या (कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणाऱ्या) जाड नळीवर बर्फ दिसला तर मशीन तिथेच बंद करा.

रात्री ब्लोअर थांबला की गाळणंही थांबतं, म्हणून मुलाच्या खोलीत हेपाचा वेगळा प्युरिफायर ठेवा. १२ × १० ची खोली, १० फूट उंची म्हणजे १२०० घनफूट. तासाला ५ वेळा हवा गाळायची तर १०० सीएफएम लागतात, म्हणजे ताशी १७० घनमीटर सीएडीआर (प्युरिफायर किती स्वच्छ हवा देतो तो आकडा). डब्यावरचा सीएडीआर सगळ्यात जोरात चालवतानाचा असतो. रात्री आवाजामुळे हळू चालवाल, म्हणून ताशी ३०० घनमीटरच्या आसपासचं घ्या.