मदत हवी आहे: वर्तुळाकार आरएनए मोजताना जीएपीडीएच (नेहमीचा सरळ आरएनए) पूर्ण जात नाही

नमस्कार मंडळी. निपाणी-खानापूरकडून बेळगावात येणाऱ्या हार्ट अटॅकच्या रुग्णांच्या रक्तात ‘मायक्रा’ हा वर्तुळाकार (दोन्ही टोकं जोडून बंद झालेला) आरएनए मोजायचा आहे. तो कमी असलेल्यांत पुढे हृदयाचा डावा कप्पा कमकुवत होण्याचा धोका जास्त, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. इथे ते तपासायलाच हवं.

रक्त पॅक्सजीन नळीत (आरएनए टिकवणारी नळी) घेतो; खोलीच्या तापमानाला त्यातला आरएनए ३ दिवसच टिकतो, त्यामुळे गावाकडचे नमुने लगेच आणतो. या रेणूंना पॉली-ए शेपटी नसते, म्हणून डीएनए प्रत बनवताना त्या शेपटीला चिकटणारा ऑलिगो-डीटी टाळून रँडम हेक्झामर (कुठेही चिकटणारे छोटे प्रायमर). पीसीआरचे प्रायमर वर्तुळाच्या जोडाच्या दोन्ही बाजूंना, उलट तोंडाचे.

अडचण अशी: सरळ आरएनए खाऊन वर्तुळाकार सोडणारं एन्झाइम आरएनेज आर (१ मायक्रोग्रॅम आरएनएला ३ युनिट, ३७ अंश, १५ मिनिटं) दिल्यावरही जीएपीडीएच पीसीआरमध्ये फक्त २ सायकल उशिरा दिसतं. म्हणजे पाव भाग सरळ आरएनए उरतोच. एल्यूशन बफरमधलं (आरएनए ज्यात काढून घेतो त्यातलं) ईडीटीए एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम पकडत असेल का? की जी-क्वाड्रुप्लेक्सवर (आरएनएतल्या ‘जी’ घटकांची घट्ट घडी, जी पोटॅशियममुळे पक्की होते) एन्झाइम अडकतं? पोटॅशियमऐवजी लिथियम क्लोराइडचा बफर कुणी वापरलाय का, आणि किती फरक पडला?

दुसरं, प्लेटलेटमध्ये वर्तुळाकार आरएनए भरपूर असतो. मग प्लेटलेट काउंट वेगवेगळा असताना तुलना कशाशी करता? बेळगाव, धारवाड, कोल्हापूरकडच्या कुणाकडे चालता प्रोटोकॉल असेल तर कृपया बफरच्या प्रमाणासकट लिहा.